नव्या घराचा लाकडी ओटा : ‘पर्यावरणपूरक’ माल घेताना काय विचारावे?

कोकणात हल्ली जी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांच्या नकाशात ‘डेक’ हा एक नवा शब्द हमखास दिसतो. घरापुढे किंवा मागच्या अंगाला, बागेकडे तोंड करून, फळ्यांचा एक मोठा ओटा. आखातात किंवा आफ्रिकेत नोकरी-धंदा करणाऱ्या आपल्या भावांनी तिकडच्या हॉटेलांत, समुद्रकाठच्या घरांत असे ओटे पाहिलेले असतात. आयुष्यभराच्या कमाईतून घर बांधायचे, तर तेही हवे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात काही गैर नाही. मात्र या ओट्यासाठी जो माल बाजारात येत आहे, त्यातील जवळजवळ प्रत्येक मालावर ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का असतो. प्लास्टिक मिसळलेली फळी पर्यावरणपूरक, दक्षिण अमेरिकेहून आलेले लाकूड पर्यावरणपूरक, बांबू तर आहेच. सगळेच पूरक असेल तर ग्राहकाने निवडायचे काय?

माझा एक भाचा कुवेतमध्ये नोकरीस आहे. दापोली तालुक्यात त्याचे घर बांधून होत आले आहे. ओट्यासाठी त्याच्याकडे तीन दरपत्रके आली. एक मुंबईच्या शोरूमचे, एक आयात लाकडाच्या व्यापाऱ्याचे आणि तिसरे गावच्याच मिस्त्रीचे. मिस्त्रीने वहीच्या पानावर लिहून दिले होते आणि त्यात ‘पर्यावरण’ हा शब्द नव्हता. भाच्याचा फोन आला, “मामू, तुम्ही बाजारात असता, जरा चौकशी करा.” माझा धंदा कापडाचा. लाकडातले मला काय कळणार? पण मालाची चौकशी कशी करावी, हे कापडवाल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. त्या निमित्ताने वखारी, सॉ-मिल आणि मिस्त्री लोकांकडे जे फिरणे झाले, जे वाचले-विचारले, ते येथे देत आहे. आपल्या वाचकांत घर बांधणारे आहेत तसे सुतार, मिस्त्री आणि लाकडाचे व्यापारीही आहेत. दोघांनाही त्याचा उपयोग व्हावा.

कापडाच्या बाजारात ‘ऑरगॅनिक’ कापसाचा बोलबाला झाला तेव्हाची गोष्ट आठवते. २०२० साली ‘गॉट्स’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र व्यवस्थेनेच जाहीर केले की, भारतातून सुमारे २०,००० टन कापूस बनावट कागदपत्रांवर ऑरगॅनिक म्हणून दाखवला गेला होता. कापूस खोटा नव्हता, कागद खोटा होता. म्हणून आमच्या धंद्यात जाणता गिऱ्हाईक दुकानाच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहत नाही, त्याच्या गाठीचा कागद मागतो. लाकडालाही हाच नियम लावावा.

लाकूड आले कोठून?

लाकडाच्या बाबतीत जगभर चालणारे चिन्ह म्हणजे ‘एफएससी’. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था १९९३ साली स्थापन झाली. झाडे तोडलेले जंगल नीट राखले जाते की नाही हे तपासायचे आणि त्या जंगलापासून दुकानापर्यंत माल ज्या-ज्या हातांतून जातो त्या प्रत्येकाची नोंद ठेवायची, अशी तिची पद्धत आहे. चिन्हाखाली ‘१०० टक्के’, ‘मिक्स’ किंवा ‘रिसायकल्ड’ असे शब्द असतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. मिक्स म्हणजे मिश्रण. आमच्याकडे टेरिकॉटला कोणी सुती म्हणत नाही, तसेच हे. व्यापाऱ्याने प्रमाणपत्र दाखवले तर त्यावरील क्रमांक घ्यावा. तो संस्थेच्या खुल्या नोंदवहीत कोणालाही पाहता येतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या बिलावर आपल्या मालापुढे तो क्रमांक लिहून मागावा. व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्र असणे वेगळे आणि आपल्याला दिलेला माल प्रमाणित असणे वेगळे. या दोन गोष्टींत गल्लत करून विकणे फार सोपे आहे.

भाच्याच्या दरपत्रकात जे आयात लाकूड होते त्याचे नाव ‘इपे’. ब्राझील व आसपासच्या देशांत होणारे हे लाकूड सागाच्या तिप्पट कठीण असते, पाण्याला दाद देत नाही आणि डेकसाठी जगात नावाजलेले आहे. नावाजलेले आहे म्हणूनच अडचण आहे. अॅमेझॉनच्या जंगलात ही झाडे विखुरलेली असतात. एका झाडापर्यंत पोहोचण्यासाठी रस्ता काढावा लागतो आणि रस्ता निघाला की मागून बाकीचे जंगलही जाते. २०२२ साली पनामा येथे झालेल्या परिषदेत हे लाकूड ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते लागू झाले. म्हणजे आता परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. व्यापाऱ्याला हा परवाना विचारा, असे मी भाच्याला कळवले. व्यापाऱ्याने दोन दिवसांनी दुसऱ्याच लाकडाचा नमुना पाठवला. त्यावरून काय समजायचे ते समजले.

‘बर्मा टीक’ या नावाचेही तसेच आहे. आपल्याकडे दारे-खिडक्यांसाठी या नावाचा अजून मोठा दबदबा आहे. परंतु म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका व युरोपने निर्बंध घातले. आज बाजारात ‘बर्मा’ म्हणून जे ओंडके दाखवले जातात ते बर्माचे असतीलच कसे, हा साधा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारावा. आपल्याकडे येणारा बराचसा साग घाना, बेनिन, टांझानिया, इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा अशा देशांतल्या लागवडीचा असतो आणि कांडला बंदरातून गांधीधामच्या बाजारात उतरतो. लागवडीचा साग वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. सागाची लागवड हीच मुळी आपल्या देशातली गोष्ट आहे. केरळात निलांबूरला १८४० च्या दशकात जगातील पहिली सागबाग लावली गेली. फरक पडतो तो वयाने. पंधरा-वीस वर्षांच्या झाडात आतला पक्का गाभा कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते. सागाचे तेल आणि वाळवीला न मानणारे द्रव्य असते ते गाभ्यात. पांढऱ्या लाकडाला वाळवी आंब्याच्या लाकडासारखीच खाते. त्यामुळे फळीच्या कडेला पिवळसर-पांढरा पट्टा दिसला तर ती फळी सागाची असूनही ओट्याच्या कामाची नाही.

आपल्याच राज्यातील सागाची चौकशी का करू नये? चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशा डेपोत सरकारी साग लिलावाने विकला जातो. ओंडक्यावर वनखात्याचा ठसा असतो आणि मालाबरोबर वाहतुकीचा परवाना येतो. हा कागद कोणत्याही परदेशी चिन्हाइतकाच बोलका आहे, कारण झाड कोठे तुटले हे त्यावरून कळते. स्वतःच्या बागेतले झाड तोडायचे असेल तर मात्र लक्षात ठेवावे की, १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागाबरोबर ऐन, किंजळ, फणस, आंबा ही आपल्या परसातली झाडेही आहेत. परवानगी आधी, करवत नंतर. मिस्त्रीने ‘कोण विचारतो’ म्हटले तरी.

जुने लाकूड

गावच्या मिस्त्रीच्या वहीत लिहिले होते, ‘जुना साग, मुंबईहून’. मला स्वतःला हाच पर्याय सर्वात पटला आणि त्याचे कारण भावनेचे नाही, हिशेबाचे आहे.

मुंबईत जुन्या चाळी आणि इमारती पाडून टॉवर बांधले जात आहेत. त्या चाळींच्या तुळया, खांब, जिन्याच्या फळ्या सागाच्या आहेत आणि त्यातील पुष्कळ माल शंभर वर्षांपूर्वीचा, जंगलात सावकाश वाढलेल्या झाडांचा आहे. पाडणारा ठेकेदार तो वजनावर किंवा घनफुटावर विकतो. रे रोडच्या लकडी बंदर परिसरात, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या जुन्या लाकडाच्या वखारींत तो येतो. या धंद्यात आपले बरेच लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण ज्याला भंगार म्हणतो त्याला परदेशात ‘रिक्लेम्ड टीक’ म्हणतात आणि नव्या लाकडापेक्षा जास्त भाव देतात. या मालासाठी एकही नवे झाड पडत नाही, समुद्र ओलांडावा लागत नाही, आणि शंभर वर्षांत जे आकसायचे, वाकायचे, तडकायचे ते झालेले असते. आमच्या भाषेत सांगायचे तर हे धुऊन आटलेले कापड आहे.

हिशेब असा पडतो. भाच्याचा ओटा २० फूट बाय १० फूट, म्हणजे २०० चौरस फूट. १ इंच जाडीच्या फळ्या धरल्या तर २०० ला १२ ने भागून साधारण पावणेसतरा घनफूट. खाली ३ बाय २ इंची आडव्या पट्ट्या १६ इंचांच्या अंतराने घातल्या तर १० फुटी १६ पट्ट्या लागतात, त्यांचे पावणेसात घनफूट. एकूण २३-२४ घनफूट. जुन्या लाकडात खिळ्यांची भोके, कुजलेली टोके आणि करवतीचा भुसा मिळून चौथा हिस्सा तरी वाया जाईल असे धरावे, म्हणजे खरेदी ३० ते ३२ घनफुटांची. ६ बाय ६ इंची, १० फूट लांबीच्या एका तुळईत अडीच घनफूट माल असतो. म्हणजे अशा बारा-तेरा तुळया झाल्या की पुरे. एका पाडलेल्या चाळीच्या एका मजल्यातून एवढे सहज निघते.

वाया जाण्याचा हिशेब आधी न धरणे ही या व्यवहारातली नेहमीची भांडणाची जागा आहे. वखारवाला मोजतो तुळई, मालकाला दिसतात फळ्या, आणि मधला फरक मिस्त्रीच्या माथी मारला जातो. म्हणून मिस्त्रीने तुळई विकत घेतानाच मालकाला समोर उभे करून माप लिहून द्यावे.

जुन्या लाकडात दोन धोके आहेत. पहिला खिळ्यांचा. आत गाडला गेलेला एक खिळा सॉ-मिलचे पाते तोडतो आणि कामगाराचा डोळाही घालवतो. धातू शोधणारे हातातले छोटे यंत्र आता बाजारात मिळते. जुन्या लाकडाचे काम नेहमी करणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीकडे ते असावे. दुसरा धोका दिसत नाही. जुन्या चाळींच्या लाकडावर तेलरंगाचे थरावर थर असतात आणि त्या काळच्या रंगात शिसे असायचे. घरगुती रंगातील शिशावर आपल्याकडे कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१७ पासून. असा रंग कोरडा घासला किंवा ज्योतीने जाळून काढला तर शिशाची धूळ-वाफ मिस्त्रीच्या छातीत जाते आणि कपड्यांबरोबर घरी मुलांपर्यंत पोहोचते. रंग ओला करून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, आणि शक्य असेल तर रंगाची बाजू सॉ-मिलमध्ये पातळ काप काढून वेगळी करावी. मजुरी चार पैसे जास्त लागली तरी मालकाने ती द्यावी. पर्यावरण वाचवताना कारागिराचे शरीर खर्ची पडत असेल तर त्या मालाला पूरक म्हणता येत नाही.

प्लास्टिक मिसळलेली फळी

शोरूमच्या दरपत्रकात होती ती ‘डब्ल्यूपीसी’. लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस आणि प्लास्टिक गरम करून एकत्र दाबले की ही फळी तयार होते. वाळवी लागत नाही, रंग-तेल लागत नाही, सगळ्या फळ्या एकसारख्या असतात. मिरा रोड किंवा मुंब्र्यात आठव्या मजल्यावरच्या सज्जात चार-सहा चौरस मीटर जागेला घालायची असेल तर मी तिला नावे ठेवणार नाही. पण विचारावे की यातले प्लास्टिक कोणते? वापरून गोळा केलेल्या पॉलिथिनपासून फळी केली असेल तर कचऱ्याला काही काम लागले असे तरी म्हणता येईल. आपल्या बाजारात मात्र डब्ल्यूपीसी म्हणून बराच माल पीव्हीसीचा असतो आणि त्यात भुसा नावालाच असतो. कारखान्याचे लेखी पत्रक मागितले की हे कळते.

या फळीचे पुढे काय होणार हा खरा प्रश्न आहे. भुसा आणि प्लास्टिक एकजीव झाल्यावर ते पुन्हा वेगळे करणे जवळजवळ अशक्य. सागाची फळी वीस वर्षांनी ओट्यावरून काढली तर तिचे स्टूल होईल, पाट होईल. या फळीचे काहीच होत नाही. शिवाय कोकणातल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती इतकी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे त्याच ओट्यावर वावरणार असतात.

मिस्त्री मंडळींसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. लाकूड पाण्याने फुगते ते रुंदीत, लांबीत नाही म्हणण्याइतके कमी. ही प्लास्टिकची फळी उन्हाने वाढते ती लांबीत. १० फुटी फळी सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ३ ते ४ मिलिमीटर वाढू शकते. लाकडाची सवय असलेला मिस्त्री टोकाला टोक भिडवून ठोकतो आणि मे महिन्यात फळ्या कमानीसारख्या उचलल्या जातात. मग कंपनी म्हणते बसवण्यात दोष आहे आणि हमी रद्द होते. टोकांना फट ठेवावी, कंपनीचीच क्लिप वापरावी आणि खालच्या पट्ट्या १२ इंचांपेक्षा लांब ठेवू नयेत. या कामाला शोरूमवाले आपली माणसे पाठवतात आणि गावचा मिस्त्री बघत राहतो. ही विद्या दोन दिवसांत शिकण्यासारखी आहे.

पाऊस आणि हवा

आता या सर्वांहून मोठी गोष्ट. रत्नागिरी-दापोलीच्या पट्ट्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डेकची कल्पना जेथून आली ते आखाती देश कोरडे आहेत. आपल्या जुन्या लोकांनी पाऊस झेलणाऱ्या जागी लाकूड घातलेच नाही. अंगणात आणि पायऱ्यांना जांभा दगड, ओटीवर मोठी पाखी उतरवलेली, आणि लाकडी फळ्या वर माडीवर, कोरड्यात. त्यांना पर्यावरण हा शब्द माहीत नव्हता, पण लाकूड महाग होते.

शास्त्र सांगते की लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी त्याला सडवू शकत नाही. म्हणजे कोणते लाकूड घेतले यापेक्षा ते किती लवकर सुकते यावर ओट्याचे आयुष्य ठरते. भाच्याला मी पहिला सल्ला दिला तो लाकडाचा नव्हताच. छपराची पाखी चार फूट पुढे आण, म्हटले. पाखीखालचा भाग लाकडाचा करावा आणि त्याबाहेरची, पाऊस झेलणारी पट्टी जांभ्याची. आर्किटेक्टला ते फारसे आवडले नाही. त्याच्या चित्रात ओटा उघडाच शोभत होता. पण बिल आर्किटेक्ट भरणार नाही.

जांभ्यालाही जपून वापरावे हे खरे. चिऱ्याच्या खाणी कोकणातले सडे पोखरत आहेत आणि त्याच सड्यांवर ती कातळशिल्पे आहेत, ज्यांचे नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. पाडलेल्या जुन्या घरांचा चिरा मिळत असेल तर तोच घ्यावा.

बसवताना सर्वात आधी पाहायचे ते खालून हवा खेळते की नाही. आडव्या पट्ट्या कोब्यावर आडव्या टाकून दिल्या की त्यांच्याखाली पाणी साठते आणि वरून ओटा झकपक दिसत असताना खालून कुजत असतो. पट्टीखाली दगडाचे किंवा कठीण प्लास्टिकचे तुकडे द्यावेत. कोब्याला दर १०० इंचांना १ इंच तरी उतार असावा. दोन फळ्यांत ५ मिलिमीटर फट ठेवावी, कारण सागाची ४ इंची फळी देखील उन्हाळा ते पावसाळा एक-दीड मिलिमीटर फुगते. लाकूड बसवण्याआधी त्याचा ओलावा मोजावा. त्याचे यंत्र मिळते, आणि यंत्र नसेल तर एक काप कापून वजन करावे, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवावा, पुन्हा वजन करावे. घटलेल्या वजनाला सुक्या वजनाने भागले की टक्केवारी निघते. किनाऱ्याजवळच्या गावात १६-१८ टक्के चालून जाते, २५ निघाली तर माल परत पाठवावा.

स्क्रूमध्ये बचत करू नये. लोखंडी खिळ्याने सागाला काळे डाग पडतात आणि समुद्राच्या हवेत तो काही वर्षांतच खाऊन जातो. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार दुकानात मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. खाडी-समुद्राजवळ ३१६ च घ्यावे. फळी टिकली आणि स्क्रू गेला तर ओटा गेलाच म्हणायचा.

औषध आणि तेल

हिरवट झाक असलेले स्वस्त पाइन लाकूड कोणी ‘ट्रीटेड’ म्हणून दाखवले तर औषध कोणते ते विचारावे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे ‘सीसीए’ हे औषध वाळवीवर जालीम आहे, पण आर्सेनिक म्हणजे सोमल. अमेरिकेत २००३ अखेरीपासून घरगुती डेकसाठी त्याचा वापर बंद झाला. मुले रांगतात त्या ओट्यावर ते नको. आर्सेनिक नसलेली तांब्याची औषधेही निघाली आहेत. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात लाकूड वाफेत दोनशे अंशांच्या वर तापवून टिकाऊ करण्याची रीत निघाली. त्यात औषध काहीच नसते. तो माल चांगला, परंतु थोडा ठिसूळ, आणि येतो फार दुरून.

बांबूबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढण्यात आला, त्यामुळे तोडीची कटकट मिटली. सिंधुदुर्गात माणगा जातीचा उत्तम भरीव बांबू होतो. पण बांबूला सहसा जे बोरॅक्स-बोरिकचे औषध देतात ते पावसात धुऊन जाते. तेव्हा पाखीखालचा कठडा, छत, पडदे यांना माणगा जरूर वापरावा, पावसात उघडा ठेवू नये. दाबून केलेल्या बांबूच्या कठीण फळ्या मिळतात, त्यात डिंकाचे प्रमाण किती आणि तो कोणता, हे पुन्हा लेखीच मागावे.

सागाला वरून काही लावले नाही तरी तो टिकतो, फक्त रुपेरी करडा होतो. तो रंग ज्यांना चालतो त्यांचा दरसालचा तेलाचा खर्च वाचतो. डब्यावर ‘टीक ऑइल’ लिहिलेले असले तरी आत सागाचे तेल नसते. बहुधा अळशीचे किंवा तत्सम तेल आणि पातळ करणारे द्रव्य असते. नुसत्या कच्च्या अळशीच्या तेलावर आपल्या दमट हवेत काळी बुरशी धरते. खालच्या पट्ट्यांना मात्र आपल्याकडचे काजूच्या टरफलाचे तेल लावावे. होड्यांना पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते ते हेच. हातमोजे घालूनच लावावे, कातडी भाजते, आणि म्हणूनच वरच्या फळ्यांना लावू नये.

शेवटी सांगायचे ते काम संपल्यावर उरलेल्या तुकड्यांविषयी. आपल्याकडे सुतारकामाचे तुकडे अंघोळीच्या बंबात जातात, कोणी त्याचा विचारही करत नाही. साध्या सागाचे, ऐन-किंजळीचे तुकडे खुशाल जाळावेत. पण डब्ल्यूपीसीचे, सीसीए दिलेल्या लाकडाचे आणि जुना तेलरंग असलेले तुकडे बंबात किंवा चुलीत कधीही घालू नयेत. पीव्हीसीच्या धुरात विषारी वायू असतो आणि सोमल जळत नाही, राखेत साठतो. तीच राख पुढे परसातल्या अळवाला पडते. मिस्त्रीने असे तुकडे वेगळ्या पोत्यात भरून, पोत्यावर तसे लिहून मालकाच्या ताब्यात द्यावेत, आणि डब्ल्यूपीसी विकणाऱ्याने आपले तुकडे परत नेण्याची अट दरपत्रकातच घालून घ्यावी. भाच्याने शोरूमला ही अट विचारली होती. अजून उत्तर आलेले नाही.